पान केव्हा उलटावे

बालकांना चित्रपुस्तक वाचून दाखविण्याच्या कलेविषयी जे काही बोलले जाते ते बहुतांशी आवाजाविषयी असते. वाघाचा घोगरा, उंदराचा किनरा, राक्षसाचा बेंबीच्या देठापासून काढलेला, असा आवाजांचा जो सरंजाम प्रत्येक वाचणारा बाळगून असतो त्याचेच कौतुक होते, आणि त्या कौतुकाचा माझा हिस्सा मी आजवर विनातक्रार वसूल केलेला आहे. परंतु या कामातील खरी अडचण उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी असते, आणि तो अंगठा गेल्या पावसाळ्यापासून थरथरू लागल्यामुळे तिच्याखेरीज मला दुसरे काही सुचेनासे झाले आहे.

दीड फर्म्याचे, म्हणजे 24 पृष्ठांचे पुस्तक घेतले तर पान उलटण्याचे प्रसंग जेमतेम डझनभर येतात; पण त्यांतला एक जरी हुकला तरी गोष्ट जागच्या जागी बसते. याचे कारण असे की, चित्र दिसायला निमिषही पुरते आणि वाक्याला मात्र त्याच्या चालीने यावे लागते. डाव्या पृष्ठावरचा मजकूर मी वाचीत असता उजव्या पृष्ठावर पलंगाखालून आलेले कुत्र्याचे शेपूट मुलांनी केव्हाच हेरलेले असते, आणि ‘चप्पल बरे कोणी पळवली असेल?’ हा लेखकाने मोठ्या हौसेने योजलेला प्रश्न मी विचारीपर्यंत त्याचे उत्तर खोलीच्या चारही कोपऱ्यांतून येऊन गेलेले असते. गुपित पानाच्या पाठीमागे ठेवावयाचे, शेजारी नव्हे, एवढे तारतम्यही पुस्तक रचणाऱ्यांपैकी पुष्कळांना नसावे याचा मला संताप येतो.

परभाषेतून आलेल्या पुस्तकांत तर निराळाच पेच पडतो. चित्रे आणि पानांची वाटणी मूळचीच कायम राहते, आणि आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी बसण्याचा हक्क सोडीत नसल्यामुळे वाघ अलीकडच्या पानावरच उघडा पडतो व पान उलटल्यावर हाती येते ते नुसते ‘दिसला’. यावर आपल्या आज्यापणज्यांनी तोड काढून ठेवली आहे. ‘बघतो तर काय!’ एवढ्यावर वाक्य अधांतरी सोडावे आणि पान उलटावे. पुस्तकात हे शब्द नसले तरी मी ते खुशाल घालते. परंतु या युक्तीचा अंमल फार दिवस चालत नाही. आता माझा अंगठा कोपऱ्याकडे वळला रे वळला की समोरून ‘तर काय!’ असा गजर होतो, आणि जिथे विस्मय व्हावयाचा तिथे पाढ्यासारखे पाठांतर उरते.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पाठीला पाठ लावून चिकटविलेली चित्रे एकामागून एक पुढे धरीत रामायण-महाभारतातील आख्याने गात. त्यांना हा प्रश्न असा छळीत नसावा, कारण शब्द मुखोद्गत असल्यामुळे चित्रापाशी हवे तितके रेंगाळण्याची मुभा त्यांना होती. जपानात 1930 च्या सुमारास सायकलीवरून मिठाई विकणारे कथेकरी कामिशिबाई नावाचा चित्रांचा खेळ रस्त्यावर करीत. त्या प्रकारात मजकूर चित्राच्या पाठीवर असतो, आणि कित्येकदा चित्र कुठवर ओढून थांबावे याची सूचनाही तिथेच लिहिलेली असते. अर्धे चित्र ओढून थांबणे! बांधीव पुस्तकात ही सोय नाही. तेथे पान एक तर उलटलेले असते किंवा नसते. मी कोपरा किंचित उचलून धरीत असे आणि त्या उचललेल्या कोपऱ्यावर पंचवीस डोळे खिळवून ठेवीत असे, याचा मला केवढा गर्व होता ते इथे लिहून ठेवणेच बरे. आता कोपरा उचलताच कागद फडफडतो आणि पान उलटणार ही वर्दी सर्वांना आगाऊ मिळते.

त्यात आमचे खडकवासला. धरणाच्या कुशीतील हवेत आषाढापासून कागद दमट होतो, गुळगुळीत आर्ट पेपरची दोन-दोन पाने एकमेकांना चिकटतात, आणि ढग फाटून ऊन आले की त्याच कागदावर खिडकी चमकते व डाव्या बाजूच्या मुलांना चित्राऐवजी नुसता उजेड दिसतो. रविवारी सिंहगडाकडे निघालेल्या आणि चौपाटीवर कणसांसाठी थांबलेल्या मोटारींचे भोंगे सुरू झाले म्हणजे माझ्या किनऱ्या उंदराची धडगत नसते. शिवाय इथल्या मुलांना पाण्याचे ज्ञान जन्मजात. कोणत्याही चित्रात नदी आली की ‘आजी, दरवाजे किती उघडले?’ हा प्रश्न ठरलेला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत पुढे जाण्याची प्राज्ञा नाही.

हात असा बेइमान झाल्यावर मी पान उलटण्याचे काम पाच वर्षांच्या एका मुलीकडे सोपविले. तिच्या घरी कन्नड बोलतात, आणि माझी मराठी तिला निम्मीशिम्मी कळत असावी. मी वाक्य संपवून थांबले की तिने पान उलटावे, असा माझा साधा हिशेब. पण माझ्या थांबण्याशी तिला कर्तव्यच नसते. ती चित्रावर डाव्या वरच्या कोपऱ्यापासून बोट फिरवू लागते, खुंटीवरची छत्री, फडताळातले डबे, भिंतीवरची पाल यांची हजेरी घेते, शेवटी उजव्या खालच्या कोपऱ्याशी पोचते आणि बोट तिथे आलेलेच आहे म्हणून पान उलटते. मी घाई केली तर माझ्याकडे न बघताच म्हणते, ‘आजी, थांब की.’ तिच्या या मंदगतीत कधी माझे वाक्य आधी संपून खोलीत शांतता पडते, कधी ते अर्ध्यावर असतानाच पान जाते. तरीही शेपटाच्या पानावर परवा मुले जशी ओरडली तशी माझ्या अंगठ्याच्या उमेदीच्या काळातही ओरडली नव्हती.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तके तिच्या बोटाखाली सर्वांत टिकाव धरतात. शब्द आणि चित्रे दोन्ही एकाच हातची असल्यामुळे जे चित्राने सांगितले ते वाक्य पुन्हा सांगत बसत नाही, आणि बोटाला भटकायला जागा राहते. साहित्य अकादमीने 2014 मध्ये त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. त्यांची पाने कोठे तुटतात याचाही विचार परीक्षकांनी केला असावा, अशी माझी आपली भाबडी समजूत आहे. याउलट रंगीत टोपी आणि हातबाहुल्या घेऊन येणाऱ्या हल्लीच्या कथाकथनकारांच्या हातात पुस्तक हे केवळ निमित्त असते. मोबाइलवरच्या गोष्टीत तर पान आपोआपच सरकते. तिथे ‘थांब की’ म्हणायचे कुणाला? आणि ‘या गोष्टीवरून तुम्ही काय शिकलात?’ असे ज्या पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते, त्याची शेवटची दोन पाने मी एकदम उलटीत असे. ही चलाखी त्या मुलीला शिकवावी की नाही, याचा निर्णय अजून झालेला नाही.

मुले आता माझ्या तोंडाकडे न पाहता तिच्या बोटाकडे पाहतात, हे मला सोसत नाही. वाघाचा घोगरा आवाज मी हल्ली गरजेपेक्षा मोठा काढते, तो त्यासाठीच. पुस्तक मात्र अजून मीच धरते. तेवढा अधिकार सोडण्याची माझी तयारी नाही, आणि उद्या कोणी तो मागितलाच तर कोणती सबब पुढे करायची याचीही तजवीज मी करून ठेवली आहे.