शिंदखेड्याचा फलाट

शिंदखेड्याच्या फलाटावर उभे राहिले की दोन वाटा दिसतात. पूर्वेची गाडी जळगावला जाते. तिथे १९९० पासून विद्यापीठ आहे. पश्चिमेची सुरतेला, तिथून मुंबई आणि बडोदा.

बारावी झालेल्या मुलामुलींच्या घरी एकच प्रश्न असतो. पाठवायचे कुठे?

नावाजलेल्या विद्यापीठात ग्रंथालय मोठे, शिकवणारे जाणते, पुढच्या ओळखीही मिळतात. पण खर्च मोठा, इंग्रजीची धास्ती आणि अहिराणी ऐकून हसणारेही तिथेच. जळगावला खर्च कमी, घर जवळ. मात्र मोठ्या शहराचा वारा लागत नाही.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे सोडून परतले. १९२० साली पुन्हा गेले आणि पुरे करून आले. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले, मराठवाड्यातल्या मुलांना घराजवळ शिकता यावे म्हणून.

बंधू-भगिनींनो, नुसत्या नावाला भुलू नका. वसतिगृह मिळेल का, शिष्यवृत्ती शेवटच्या वर्षापर्यंत पुरेल का, हे आधी विचारा. पुरत असेल तर लेकीलाही पश्चिमेच्या गाडीत बसवा. नसेल तर जळगावची गाडी धरा, पण शिक्षण अर्धे राहू देऊ नका.