एकवचन

शिक्षकाच्या धंद्यात एक मोठा धोका असा आहे की, एकच चूक वीस वर्षे शिकविली तरी ती उघडकीस येण्याचा संभव फार थोडा असतो. विद्यार्थी ती वहीत उतरून घेतात, परीक्षेत तीच लिहून देतात, आणि आम्ही तिला गुण देतो. येणेप्रमाणे चुकीचे वर्तुळ पूर्ण होते. आमच्या हातून झालेल्या अशाच एका चुकीची ही हकीकत आहे.

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात जॉन डन या कवीची धार्मिक सुनीते शिकविण्याचे काम आमच्याकडे असे. डन १६३१ साली वारला व ही सुनीते त्याच्या पश्चात १६३३ साली छापली गेली. त्यांतील एका प्रसिद्ध सुनीतात, शत्रूने बळकावलेल्या नगरीसारखे झालेले आपले अंतःकरण बळाने जिंकून घे, अशी कवी देवास विनवणी करतो. आणि त्या देवास 'त्रिपुरुषात्मक' या अर्थाचे विशेषण लावतो. या विशेषणापाशी आलो की आम्ही खडू खाली ठेवून म्हणत असू, 'म्हणजे आपली त्रिमूर्तीच! ब्रह्मा, विष्णू, महेश.' वर्गातील चेहरे उजळत, आणि आम्ही समाधानाने पुढच्या ओळीकडे वळत असू.

एके दिवशी तास संपल्यावर वसईकडील एक विद्यार्थिनी टेबलापाशी येऊन उभी राहिली. ती भिडस्तपणे म्हणाली, 'सर, आमच्या घरी तीन देव नाहीत. माझी आजी क्रुसाची खूण करते, तेव्हा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या *नावाने* असे म्हणते. *नावांनी* असे म्हणत नाही.'

व्याकरणात कोणी आम्हांस पकडावे, हे आम्हांस सहसा खपत नाही. घरी जाऊन मत्तयकृत शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढला. इंग्रजीत एकवचन, मूळ ग्रीकमध्येही एकवचन. सांगितलेले तिघे, आणि 'नाव' मात्र एक! त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही. कारण इतकी वर्षे आपण एका समाजाची श्रद्धा न वाचताच समजावून देत होतो, हे ध्यानात आले.

मग आम्ही वाचू लागलो. त्रिमूर्तीत कामाची वाटणी आहे: एक निर्माण करतो, दुसरा पाळतो, तिसरा संहार करतो. ख्रिस्ती त्रैक्यात अशी वाटणी नाही. निर्माण करणे, सांभाळणे, तारणे ही सर्व कार्ये त्या एकाच देवाची. तिघांत भेद आहे तो केवळ परस्परसंबंधाचा. पिता कोणापासून झालेला नाही. पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे, परंतु तो जन्म काळातला नव्हे, अनादि आहे. आणि आत्मा देवापासूनच निघणारा आहे. बरे, एकच पाणी जसे कधी बर्फ, कधी वाफ होते तसे हे असेल, असे म्हणावे, तर तेही चर्चने नाकारलेले. तिसऱ्या शतकात साबेलियस नावाच्या उपदेशकाच्या नावाने असेच मत प्रसिद्ध झाले होते, की देव एकच असून तो तीन रूपांनी प्रकट होतो. पण तसे मानले, तर येशू पित्याची प्रार्थना करतो ती एकाच नटाने दोन आवाजांत बोलण्यासारखी ठरते!

खरा कलह चौथ्या शतकात झाला. अलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक आरियस म्हणू लागला की, पुत्र हा सर्वश्रेष्ठ खरा, तथापि निर्माण केलेलाच; म्हणजे तो नव्हता अशीही एक अवस्था होती. ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने नाइसिया येथे धर्माध्यक्षांची परिषद भरविली, व पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे असा निर्णय झाला. पुढे काही दशकांनी 'एकतत्त्व' नको, 'समानतत्त्व' म्हणा, असा पक्ष निघाला. ग्रीक भाषेत या दोन शब्दांत एका 'आयोटा' या अक्षराचेच अंतर आहे. एका अक्षरासाठी चाललेल्या या रणाची थट्टा गिबनच्या रोमच्या इतिहासातही आढळते, व महाविद्यालयात असताना तीत आम्हीही सामील होतो. आज ती थट्टा आम्हांस करवत नाही. अथानेसियसचा मुद्दा साधा होता: जो माणसांत आला तो स्वतः देव नसून त्याचा पाठविलेला जासूद असेल, तर देव अद्याप दूरच राहिला. अद्वैत आणि विशिष्टाद्वैत यांतील भेदासाठी आयुष्ये वेचणाऱ्या आचार्यांच्या देशात तरी एका अक्षराला कोणी हसू नये.

भाषेची अडचण मात्र खरीच आहे. लॅटिनमधील 'पर्सोना' म्हणजे मूळचा नटाचा मुखवटा. इंग्रजी 'पर्सन' म्हणजे स्वतंत्र मनाचा स्वतंत्र मनुष्य. आणि आपण 'तीन व्यक्ती' म्हटले की डोळ्यांपुढे तीन पाटच मांडले जातात! ऑगस्टीनने आपल्या त्रैक्यावरील ग्रंथात हे प्रांजळपणे कबूल केले आहे. 'तीन काय?' असे विचारल्यास आपण 'तीन व्यक्ती' म्हणतो, ते अर्थ पुरा सांगता येतो म्हणून नव्हे, तर अगदीच मुके राहता येत नाही म्हणून, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. याच ग्रंथात त्याने प्रेम करणारा, ज्यावर प्रेम करावयाचे तो, आणि प्रेम, अशी तिघांची उपमा योजिली आहे. तिने आमची वाट मोकळी केली. देव प्रेमस्वरूप आहे असे ख्रिस्ती शास्त्र म्हणते. मग सृष्टी नव्हती तेव्हा त्याने प्रेम कोणावर केले? त्रैक्याचे उत्तर असे की, प्रेम करण्यासाठी देवास सृष्टीची वाट पाहावी लागली नाही. देणे आणि घेणे त्याच्या एकत्वातच अनादि काळापासून आहे. हे गणित नव्हे. एकटेपणाविषयी केलेले विधान आहे.

आमच्या चुकीचा उलटा नमुनाही आमच्या दारातच होता. घारापुरीच्या लेण्यातील त्रिमुखी भव्य मूर्तीस पूर्वीचे अनेक युरोपीय प्रवासी व लेखक ब्रह्मा, विष्णू, महेश यांची त्रिमूर्ती समजत. वस्तुतः ती एकट्या शिवाची, सदाशिवाची मूर्ती आहे. तीन मुखे दिसली की त्यांनी ओळखीचे नाव चिकटविले. तीन नावे ऐकली की आम्हीही तेच केले. उपमा देणे वाईट नव्हे. ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ साली संस्कृतात त्रैक्याचे स्तोत्र रचिले, त्यात 'सच्चिदानंद' हा आपलाच शब्द योजिला आहे. पण ते त्या घरात राहून, त्याची रीत जाणून बोलत होते; आम्ही उंबऱ्यावरूनच घराचा नकाशा काढीत होतो.

पुढच्या तासाला आम्ही वर्गापुढे चूक कबूल केली. काही विद्यार्थ्यांनी वहीतील 'त्रिमूर्ती' खोडली. एकाने परीक्षेत नेमके काय लिहावे असे विचारले. ती मुलगी काही बोलली नाही, मान खाली घालून लिहीत राहिली. त्रैक्यावर आमची श्रद्धा बसली आहे असे नव्हे. आमचे देवघर आजोबांच्या वेळचेच आहे. परंतु आता त्या सुनीतातील ते विशेषण आले की आम्ही खडू खाली ठेवीत नाही. फळ्यावर 'नाव' हा शब्द लिहितो, आणि त्याचे वचन कोणते, एवढेच वर्गाला विचारतो.