मुठेल

माझ्या कपाटात एका पत्र्याच्या डबीत मुठेलाचा गोळा आहे. फिकट पिवळसर, मेणासारखा टणक. त्याच्या एका अंगाला चार बोटांच्या खाचा आहेत, दुसऱ्या अंगाला तळहाताची गोलाई. आत्याने तो मुठीत दाबून वळला, तेव्हाचे हे ठसे. मुठीत वळतात म्हणून मुठेल. कुणी त्याला भिरंडेल म्हणतं. बाजारात ते कोकमतेल.

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी मे महिना रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा. फळ फोडायचं, साल एकीकडे, गर एकीकडे. सालींना रस पाजायचा, उन्हात वाळवायच्या, पुन्हा रस पाजायचा. त्यांची आमसुलं होतात. मिठात मुरलेल्या रसाचं आगळ होतं. सगळं घेऊन झालं की सुपात बिया उरतात. दुसऱ्या कुणी त्या माडाच्या मुळाशी टाकल्या असत्या. आत्या त्या धुऊन खळ्यात वाळत घालायची आणि कडक वाळल्या की वायनात, म्हणजे उखळात, मुसळाने कांडायची. ते पीठ बोटांना तुपकट लागे. पण चिमटीत धरून कितीही दाबलं तरी तेलाचा थेंब दिसत नसे.

मग ते मोठ्या टोपात, भरपूर पाण्यात, चुलीवर चढे. मंद आचेवर तासन्‌तास शिजे. हळूहळू पाण्यावर तेलाची बारीक बारीक वर्तुळं दिसू लागत, एकमेकांत मिसळून मोठी होत. मला राहवत नसे. मी डवला घेऊन ढवळायला जायचो. आत्या हात धरायची. "आता ढवळू नको. निवांदे तां."

रात्रभर टोप विझल्या चुलीवर तसाच. सकाळी झाकण काढलं की वर दुधावरच्या सायीसारखा घट्ट पांढुरका थर, खाली गढूळ तपकिरी पाणी. तो थर उचलायचा, पुन्हा पातळ करून गाळायचा आणि थिजत आला की मुठीत वळायचा.

तेल आणि पाणी हे आपल्या बोलण्यात न जमणाऱ्यांचं उदाहरण. एका घरात राहून मनं न जुळणाऱ्या माणसांना आपण तेच म्हणतो. पण त्या टोपापाशी बसलो तेव्हापासून मला ही उपमा अपुरी वाटते. पाणी उकळत बीच्या चुऱ्यात शिरलं, तिथलं तेल मोकळं झालं आणि पाण्यात विरघळत नाही म्हणूनच वर आलं. पाण्याने ते बाहेर आणलं, पण स्वतःकडे ठेवलं नाही.

पुढे जिथे जिथे तेल निघताना पाहिलं, वाचलं, तिथे मला हे पाणी भेटत गेलं. लाकडी घाण्यात लाट फिरत असते, तीळ भरडत असतो, आणि तेली मध्येच पाण्याचा शिपका मारतो. तेलात पाणी कशाला, असं वाटतं. पण त्या शिपक्याने भरड आळून येते, तिची पेंड धरते आणि तेल सुटं होतं. घाण्याच्या पेंडीत बरंच तेल मागे राहतं. कारखान्यात हेक्झेन नावाचं द्रावक वापरून तेही जवळजवळ सगळं काढून घेतात. हिशेबाला ते बरोबर असेल. मला मात्र घाण्याची पेंड आवडते. तिच्यात गोठ्यातल्या गाईचा वाटा असतो.

सुवासिक तेलांची गोष्ट आणखी नाजूक. खानदेशातल्या डोंगरउतारांवर रोशा गवत उगवतं. पान चुरगळलं की गुलाबाची आठवण करून देणारा वास येतो. या गवताचं तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. त्याच्या सुगंधाचा मुख्य घटक जिरॅनिऑल. तो एकटा उकळायचा तर २३० अंश सेल्सिअसची आच लागते. एवढ्या आचेत गवताचा कोळसा होईल. पण गवत पाण्यात घालून उकळलं की तोच घटक १०० अंशांच्या आत वाफेबरोबर निघतो. कारण पुन्हा तेच, न मिसळणं. दोघंही एकमेकांत विरघळत नाहीत, म्हणून दोघांच्या वाफेचे दाब वेगवेगळे राहून एकमेकांत मिळवले जातात. ती बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की दोघंही निघतात. थंड झाल्यावर तेल वर, पाणी खाली.

उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला अजूनही तांब्याच्या देगेत गुलाबाच्या पाकळ्या आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. बांबूच्या नळीतून वाफ भपका नावाच्या भांड्यात उतरते. भपका थंड पाण्यात बसवलेला असतो आणि त्यात चंदनाचं तेल वाट पाहत असतं. गुलाब त्यात उतरतो, बरोबर आलेलं पाणी वेगळं काढतात. तरी थोडी ओल राहतेच. म्हणून अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून ठेवायची रीत आहे. कातड्यातून ओल हळूहळू उडून जाते, सुगंध आत राहतो. फुलापासून कुप्पीपर्यंत सोबत करून पाणी शेवटी कुणाला न सांगता निघून जातं.

आत्याही अशीच गेली, एका पावसाळ्यात. लावणीच्या दिवसांत चिखलाने तिच्या टाचा फुटायच्या. रात्री ती मुठेल दिव्याच्या ज्योतीवर धरायची आणि पाघळलेलं भेगांत भरायची. ते वितळतं ४० अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाच्या उबेहून थोडं वर. म्हणून नुसतं हातात धरून ते पातळ होत नाही, ऊब द्यावी लागते. थंडीत मीही तसंच करतो. दर वर्षी त्या चार खाचा थोड्या उथळ होतात.

म्हणून एक सांगणं. मे महिन्यात रातांबे फोडाल तेव्हा बिया टाकू नका. धुवा, कडक उन्हात वाळवा, कुटा, भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजवा. तेल तरंगू लागलं की आच विझवा आणि रात्रभर हात लावू नका. पुढचं काम पाण्याचं आहे.