तिळाएवढं पान

मामूंच्या इंतकालनंतर मी टोरोंटोला गेलो, तेव्हा मामींनी बिस्किटांचा एक डबा पुढे ठेवला. ‘यातलं काय ठेवायचं ते तूच बघ, बेटा.’ आत जुनी कॅनेडियन नाणी होती. एक पाव डॉलर कागदात गुंडाळलेला. कागदावर मामूंच्या अक्षरात एकच शब्द: ‘पान?’

एका बाजूला कॅरिबू आणि साल १९४७, दुसरीकडे सहावा जॉर्ज. नानीकडच्या १९४७च्या वाघाच्या रुपयावरही हाच राजा आहे, पण तिथे त्याच्या डोक्यावर मुकुट आहे. कॅनडात तो बोडक्या डोक्याचा. तरी त्याच्याभोवतीच्या लॅटिन अक्षरांत शेवटी ‘एट इंड इंप’ आहेच, म्हणजे ‘आणि हिंदुस्थानचा सम्राट’.

आपण आझाद झालो आणि तेवढे शब्द काढणं भाग पडलं. १९४८चे नवे ठसे वेळेत आले नाहीत. नाणी तर हवी होती. मग ओटावाच्या टांकसाळीने १९४७चंच साल ठेवून त्यापुढे मेपलचं बारीक पान घातलं आणि १९४८मध्ये नाणी पाडली. आपण सुटलो, तरी तिकडे नाण्यावरचा सम्राट आणखी काही महिने चालला!

मामूंचा जन्म १९४८चा. पान असेल तर नाणं त्यांच्या वयाचं.

नाणं फार झिजलेलं. राजाच्या कानावरचे केस सपाट, भुवई गेलेली. ७ च्या पुढे काहीतरी होतं. खरं सांगतो, पहिल्या नजरेला मला पानच दिसलं, कारण मला ते दिसायला हवं होतं. मामी म्हणाल्या, ‘चिंचेने घासू का?’ मी घाईने नाही म्हटलं. घासलं की उरलंसुरलंही जातं.

दिवा बाजूला सरकवला, नाणं तिरपं धरलं, भिंग लावलं. ठशातून आलेलं पान कितीही झिजलं तरी पृष्ठभागाच्या वर असतं. ओरखडा आत जातो आणि त्याच्या काठाला धातू वर ढकलला जातो. इथे काठ वर होता, मधे खळगा. तीनदा बघितलं.

डब्याच्या तळाशी एका तपकिरी सेंटवर पान स्वच्छ दिसत होतं. पण तसे सेंट कोट्यवधी निघाले. मामूंनी तो वेगळा काढला नव्हता.

‘आहे का रे पान?’ मामींनी विचारलं.

‘नाही, मामी.’

त्यांनी पाव डॉलर घेतला आणि त्याच कागदात पुन्हा गुंडाळला.