वडावरचे कावळे

डिसेंबर उजाडला की आमच्या निफाड तालुक्याचा पारा घसरतो. द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. पिंपळगाव बसवंतला आमच्या वस्तीमागे जुना वड आहे. थंडीत त्यावर शेकडो कावळे मुक्कामाला येतात. दिवस कलला की आधी पत्र्यांवर, तारांवर जमतात. अंधारताना एकदम वडावर उतरतात. अर्धा तास नुसता कालवा, मग सगळे चिडीचूप. पहाटे पुन्हा गलका करून पांगतात.

मागल्या हिवाळ्यात वस्तीत कुजबुज सुरू झाली. एवढे कावळे म्हणजे कुणाचे तरी मरण, असे कुणी म्हणाले. पोरे फटाक्यांची माळ घेऊन निघाली, तेव्हा आम्ही बायका आडव्या झालो.

ही भीती आली कुठून? पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा राहिली, असे म्हणत. बाईला पाळी आली की 'कावळा शिवला' म्हणून तिला बाजूला बसवत. विटाळ मानायचा माणसांनी आणि नाव पाखराचे! बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्या घरांत कावळ्याचा अपशकुन कशाला?

कावळे जमतात त्याची कारणे साधी आहेत. उन्हाळा-पावसाळ्यात ते जोडीजोडीने घरटी करतात. पिल्ले मोठी झाली की थोरली-धाकटी सगळी एका झाडावर झोपायला येतात. घुबड रात्री झोपलेला कावळा उचलते. एकट्यापेक्षा घोळक्यात जीव वाचतो. दुसरे कारण पोटाचे. उपाशी कावळा सकाळी पोट भरलेल्यांच्या मागे जाऊन अन्न शोधत असावा, असा तर्क वॉर्ड आणि झहावी या अभ्यासकांनी १९७३ साली मांडला. त्यावर अजून वाद आहे. पण आमच्याकडे बाजारात टोमॅटोचे कॅरेट उतरतात, सडका माल बाहेर पडतो, कोंबडी-मटणाच्या दुकानांमागे आतडी पडतात. गावात राहणे कावळ्याला परवडते, ते यामुळे.

आमच्याच तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला रामसर दर्जा मिळाला आहे. तिथले पाहुणे पक्षी बघायला लांबून माणसे येतात. गावची घाण साफ करणाऱ्या कावळ्याकडे मात्र कुणी मान वर करून बघत नाही.

त्रास होतो, हे नाकारत नाही. विष्ठेने ओटे भरतात, कपडे खराब होतात. म्हणून वाळणाच्या दोऱ्या आम्ही वडापासून दूर बांधल्या आणि पाण्याच्या हंड्यांवर झाकणे ठेवली. आणखी एक काळजी घ्यावी. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई, ठाणे आणि दापोलीत मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता. मेलेला कावळा हाताने उचलू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

फटाके काही वाजले नाहीत, आणि वस्तीत कावळ्यांमुळे कुणी मेलेही नाही. यंदा त्याच पोरांना आम्ही मोजणीला बसवले आहे. राखाडी मानेचा तो गावकावळा, सगळा काळा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा. रोज संध्याकाळी वहीत आकडे पडतात, आणि कुणाचा बरोबर यावरून भांडणेही होतात.