आबांची वही आणि एक शून्य

गेल्या शनिवारी धुळ्याला घरी होतो. आईने माळा आवरायला काढला होता, आणि अशा कामात मुलगा पुण्याहून आलाय म्हटल्यावर त्याची सुटका नसते. जुन्या पितळी घागरी, माझी बारावीची जर्नल्स, एक बंद पडलेला रेडिओ... आणि त्या सगळ्याखाली आबांची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीसाठी असते तशी लांबट.

ही वही मी आधी एकदा पाहिली होती. २००१ च्या दिवाळीत. आणि तेव्हा मी जो शहाणपणा केला होता, तो आठवून माळ्यावर बसल्या बसल्या कान गरम झाले.

तर झालं असं होतं की, मी तेव्हा जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एम-थ्रीमध्ये नुकतंच कोरिलेशन आणि रिग्रेशन शिकवून झालं होतं. म्हणजे काय, तर फळ्यावर फॉर्म्युला, खाली टेबल, टेबलात सहा कॉलम, शेवटी उत्तर. 'आठ मार्कांना हमखास येतं' एवढीच त्याची ओळख. माझ्याकडे नवा कोरा सायंटिफिक कॅल्क्युलेटर होता आणि त्यात आकडे भरले की आर आपोआप निघायचा. एकोणीस वर्षांच्या पोराला अजून काय पाहिजे!

आमची शेती शिंदखेडा तालुक्यात, कोरडवाहू. कापूस आणि बाजरी. आबा दरवर्षी वहीत एक ओळ लिहायचे: साल, तालुक्याला किती मिलिमीटर पाऊस झाला (पेपरमधून उतरवून), आणि एकरी किती क्विंटल कापूस निघाला. त्यापुढे बारीक अक्षरात काहीतरी टिपण. १९८८ पासूनच्या चौदा ओळी होत्या. मी दोन कॉलम घेतले, कॅल्क्युलेटरला भरवले. उत्तर आलं शून्य पॉइंट शून्य काहीतरी.

मी ओसरीवर येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आबा, तुमच्या वहीप्रमाणे पावसाचा आणि कापसाचा काहीच संबंध नाही!"

काका हसले, आई हसली. आबा नाही हसले. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि अहिराणीत एवढंच म्हणाले, "पानी किती उना ते तू लिधं. कव्हय उना ते बाजूले लिखेल से, ते वाचं नही का रे भाऊ?"

पाऊस किती आला ते घेतलंस, कधी आला ते शेजारीच लिहिलंय, ते वाचलं नाहीस का. मी म्हणालो, "आबा, ते आकडे नाहीत ना, ते कसं भरणार?" आणि फराळाकडे वळलो. विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं.

आता या आरचं थोडं बघू. परीक्षेत आठ मार्क मिळवूनही मला तो पुढे कित्येक वर्षांनी कळला.

समजा पाच वर्षांचा पाऊस ४, ५, ६, ७, ८ आहे (शंभर मिलिमीटरमध्ये) आणि कापूस एकरी २, ४, ५, ४, ५ क्विंटल. पावसाची सरासरी ६, कापसाची ४. आता प्रत्येक वर्षाला एकच प्रश्न विचारायचा: पाऊस सरासरीपेक्षा किती वरखाली आणि कापूस सरासरीपेक्षा किती वरखाली? दोघे एकाच बाजूला गेले की गुणाकार अधिक, उलट बाजूंना गेले की उणे. पहिल्या वर्षी पाऊस २ ने कमी, कापूसही २ ने कमी, गुणाकार अधिक ४. शेवटच्या वर्षी पाऊस २ ने जास्त, कापूस १ ने जास्त, गुणाकार २. मधल्या तिघांचे शून्य. बेरीज ६. दोघे किती सोबत चालतात, ते या सहामध्ये आहे. मग आपापल्या चढउताराच्या मापाने भागलं की उत्तर उणे एक ते अधिक एकच्या मध्ये बसतं. इथे ते साधारण ०.७७ येतं. एवढंच आहे ते, सहा कॉलमचं टेबल नुसतं घाबरवायला.

रेषाही याच सहामधून निघते. पावसाच्या चढउताराच्या वर्गांची बेरीज १०, म्हणून उतार ६ भागिले १०, म्हणजे ०.६. शंभर मिलिमीटर पाऊस वाढला की कापूस सरासरी ०.६ क्विंटलने वाढतो. पूर्ण समीकरण: कापूस = ०.४ + ०.६ गुणिले पाऊस.

आता गंमत बघा. या समीकरणात पाऊस शून्य घाला. एकरी ४० किलो कापूस येतो, एक थेंबही न पडता! आणि पाऊस १५ घातला, म्हणजे दीड हजार मिलिमीटर, तर सव्वानऊ क्विंटलच्याही वर. आमच्या काळ्या जमिनीत तेवढा पाऊस झाला तर पाणी साचून मुळं सडतील, पातेगळ होईल आणि उरलेली बोंडं झाडावरच काळी पडतील. पण रेषेला हे कुठे माहीत असतं? तिला ४ ते ८ एवढंच जग माहीत. त्याच्या पलीकडे ती नाकासमोर चालत राहते.

आणि माझ्या शून्याची गोष्ट अशी की, समजा तोच पाऊस ४ ते ८, पण कापूस ३, ५, ६, ५, ३. कमी पावसात कमी, बेताच्या पावसात भरपूर, अतिपावसात पुन्हा कमी. कुठलाही शेतकरी म्हणेल की बरोबर आहे, असंच असतं. करून बघा, आर बरोब्बर शून्य येतो. संबंध पक्का आहे, पण तो टेकडीसारखा आहे आणि आर फक्त सरळ रस्ता ओळखतो. शून्य म्हणजे 'संबंध नाही' असं नसून 'सरळ रेषेतला संबंध नाही' असं असतं. हे दोन शब्द मी ओसरीवर खाल्ले होते.

आलेख काढला असता तर दोन मिनिटांत दिसलं असतं. फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट छापले होते. चौघांच्या सरासऱ्या त्याच, आर तोच (०.८२ च्या जवळ), रेषाही तीच. पण ठिपके काढले की एक साधा, एक कमानीसारखा, एक सरळ पण एका ठिपक्याने बिघडवलेला, आणि एकात तर फक्त एका ठिपक्यामुळे रेषा उभी. आधी ठिपके बघा, मग आकडा काढा, एवढंच त्याला सांगायचं होतं. आमच्या वर्गात आधी आकडा होता आणि नंतरही आकडाच.

असो. माझ्या त्या दिवाळीनंतरचा पावसाळा आला, २००२ चा. ज्यांना आठवतो त्यांना आठवतो. जुलैमध्ये देशभर नेहमीच्या जवळपास निम्माच पाऊस झाला. आमच्याकडे पेरलेलं उगवून जळलं, दुबार पेरणी झाली. आबा रोज संध्याकाळी पश्चिमेकडे बघत बसायचे, एवढं आठवतं.

तेव्हा मान्सूनचा अंदाज देशात ज्या पद्धतीने काढत ती म्हणजे रिग्रेशनच होती. डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं मॉडेल, १९८८ पासून वापरात. हिमालयातला बर्फ, एल निनो, ठिकठिकाणचं तापमान, हवेचा दाब, वारे. प्रत्येकाचा पुढच्या पावसाशी कोरिलेशन तपासून निवडलेले घटक. २००२ साठी अंदाज होता १०१ टक्के. झाला ८१ टक्के.

'सोळा घटक घेऊनही चुकलं' असं तेव्हा सगळेच म्हणायचे, मीही म्हणालो. आता वाटतं, त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा हजारपट अवघड असला तरी जातीने तोच होता. मॉडेल वापरात आल्यापासून २००१ पर्यंत देशभराचा असा दुष्काळ पडलाच नव्हता. चौदा वर्षं गाडी सपाट रस्त्यावर चालली, घाट लागलाच नाही. शिवाय कोरिलेशन काही दगडावर कोरलेलं नसतं, काही घटकांचं नातं काळाबरोबर सैल होत गेलं होतं. २००३ मध्ये हवामान खात्याने आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेल्स आणली, म्हणजे घटक वाढवले नाहीत, कमी केले. भरपूर घटक घेतले की जुनी वर्षं छान जुळतात. त्यात खरं नातं कुठलं आणि बोलाफुलाला गाठ कुठली, ते मात्र पुढचा पावसाळाच सांगतो.

ही धडपड शंभर वर्षं जुनी आहे. गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. ऑफिस सिमल्याला. (ते १९२८ मध्ये पुण्यात आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला 'सिमला ऑफिस' का म्हणतात, ते आता कळलं असेल.) जगभरच्या दाब, तापमान, पावसाच्या नोंदी घेऊन हा माणूस कोरिलेशन काढत बसला, आणि तेही कारकुनांच्या हातांनी, कॉम्प्युटरशिवाय. मान्सून काही त्याच्या पूर्ण मुठीत आला नाही. पण प्रशांत महासागरावरचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावरचा कमी होतो आणि उलट, हा झोका त्याला सापडला. १९२४ मध्ये त्याने त्याला सदर्न ऑसिलेशन नाव दिलं. आज आपण एल निनोच्या बातम्या वाचतो त्याचा अर्धा भाग तो. त्यामागची भौतिक कारणं नंतरच्या लोकांनी शोधली. कोरिलेशनचं खरं काम तेच असावं, 'इथे खणून बघा' असं बोट दाखवणं. नाहीतर कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

आता पुन्हा माळ्यावर.

मी वही उघडली. १९८८ ते २००१ च्या ओळी ओळखीच्या. या वेळी शेजारची बारीक टिपणंही वाचली. 'मृग कोरडा'. 'आर्द्रात पेरलं'. 'पोळ्याला झड, बोंडं काळी'. मग पान उलटलं. मला वाटलं होतं, वही तिथेच संपली असेल.

पुढे २००२ ची ओळ होती. साल, पाऊस, कापूस. आणि एक नवा कॉलम, पट्टीने आखलेला. वर लिहिलं होतं 'खंड, दिवस'. पेरणीनंतर जास्तीत जास्त किती दिवस सलग पाऊस नव्हता, त्याचा आकडा. आकडा! २००२ पासून २००९ पर्यंत आठ वर्षं, एकही जागा रिकामी नाही. २०१० च्या उन्हाळ्यात आबा गेले.

मी म्हणालो होतो ना, ते आकडे नाहीत, कसं भरणार. तर त्यांनी ते आकड्यात लिहायला घेतलं होतं. मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. नोकरी, हिंजवडी, ऑनसाइट, पुढच्या वर्षी बघू.

खाली उतरून हात न धुताच लॅपटॉप उघडला. जुन्या चौदा वर्षांचे ठिपके काढले. टेकडी. सुबक नाही, पण टेकडीच. मग आठ वर्षांचा खंड आणि कापूस. ठिपके वरून खाली उतरत गेलेले, आर चांगला ठसठशीत उणे.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं, पण तसं केलं तर २००१ चीच चूक पुन्हा होईल. आठच ठिपके आहेत. त्यातलं २००२ काढून बघितलं तर रेषा बरीच आडवी होते, एकटं ते वर्ष तिला खाली ओढतंय. शिवाय बीटी कापसाला देशात २००२ मध्येच परवानगी मिळाली आणि याच वर्षांत आमच्या शेतात बियाणं बदललं. कापूस वाढला तो खंड कमी झाल्याने की बियाण्याने, हे आठ ओळींवरून मी सांगू शकत नाही. आबांचं बरोबर असावं असं वाटतं, पण 'सिद्ध झालं' म्हणणार नाही.

रविवारी परत निघायच्या आधी रावेरहून मामेभावाचा फोन आला. त्याची केळी आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा घ्यावा का, असं विचारत होता. "भो, तू कॉम्प्युटरवाला, तुला कळतं." मी त्याला सांगितलं, विमा तुझी बाग बघत नाही, ठरवून दिलेल्या केंद्रावरचं तापमान बघतो. थंडी किंवा उष्णता ठरलेल्या आकड्याच्या पलीकडे गेली की पैसे. तापमान आणि नुकसान यांचं नातं खरं आहे, पण ते पूर्ण परिसराचं. तुझी बाग हा त्यातला एक ठिपका. तो रेषेवरच असेल असं नाही, वर असेल किंवा खाली. कधी नुकसान न होता पैसे मिळतील, कधी नुकसान होऊनही मिळणार नाहीत. हे धरून हिशेब कर.

"मग घेऊ का नको?" तो म्हणाला.

"दहा वर्षांत तुझ्या बागेचं किती नुकसान झालं आणि तेव्हा तापमान काय होतं, लिहून ठेवलंयस का?"

"नाही ना भाऊ."

"मग या वर्षी घे. आणि आजपासून लिही. तारीखही लिही."

वही मी पुण्याला घेऊन आलोय. आई म्हणाली, ने, इथे वाळवी लागेल. २०१० पासूनची पानं कोरी आहेत. काका अजून तीच जमीन कसतात. आज सकाळी त्यांना फोन करून विचारलं, यंदा पेरणी कधी केली आणि मध्ये पावसाने किती दिवस दडी मारली. ते आधी बुचकळ्यात पडले, मग सगळं सांगितलं. तारखेसकट.

एक ओळ लिहिली आहे. अक्षर आबांइतकं चांगलं नाही.