पांच पुलांची वारी

मीं न्यूयॉर्क शहर सायकलवरून पाहिलें असें सांगितलें कीं, पुण्यांतील आमच्या आळींतील मंडळी आधीं माझ्या तोंडाकडे पाहतात आणि मग गुडघ्यांकडे. त्यांना मी दोष देत नाहीं. एकसष्टावें वर्ष लागलेल्या बाईनें परदेशीं मुलाकडे गेल्यावर नातवंडांस सांभाळावें, सांडगे-पापडांचे डबे सुनेच्या हवालीं करावे आणि फार तर एखादें पदार्थसंग्रहालय पाहून परत यावें, अशी आपल्याकडील रीत आहे. २०२३ सालच्या मार्चमध्यें आम्ही उभयतां मुलाच्या घरीं क्वीन्समध्यें उतरलों तेव्हां माझीही तयारी तेवढीच होती.

परंतु सूनबाईस सायकलचा नाद. तिनें मला न विचारतां आपल्या नांवाबरोबर माझेंही नांव जानेवारींतच एका सफरीसाठीं घालून ठेवलें होतें. “आई, तुम्हीच सांगितलं होतंत ना, कॉलेजला सायकलवर जात होतांत म्हणून?” एवढाच तिचा आधार!

या सफरीस ‘फाइव्ह बरो बाइक टूर’ म्हणतात. न्यूयॉर्क शहराचे मॅनहॅटन, ब्राँक्स, क्वीन्स, ब्रुकलिन आणि स्टॅटन आयलंड असे पांच विभाग आहेत. त्यांपैकीं एकटें ब्राँक्स काय तें अमेरिकेच्या मुख्य भूमीस लागून, बाकीचे बेटांवर. हे पांचही विभाग एका दिवसांत सायकलवरून ओलांडावयाचे आणि त्यासाठीं पांच पूल चढावयाचे, अशी ही ४० मैलांची, म्हणजे आपल्या ६४ किलोमीटरांची वारी आहे. १९७७ सालीं ती पहिल्यानें निघाली तेव्हां अडीचशेंच्या आसपास स्वार होते; आतां मे महिन्याच्या पहिल्या रविवारीं सुमारें ३२ हजार माणसें निघतात आणि त्यांच्यासाठीं त्या त्या रस्त्यांवर मोटारींस बंदी होते.

हें ऐकून ह्यांनीं वर्तमानपत्र बाजूस ठेवलें व म्हणाले, “ह्या वयांत? पडलीस म्हणजे?”

हे शब्द मला ओळखीचे वाटले. कोठें ऐकले बरें, म्हणून आठवूं लागलें. आणि ध्यानांत आलें कीं ते ऐकलेले नव्हते, मींच उच्चारलेले होते.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असूं, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हिशेब लिहीत. सदाशिव पेठेंतून खडकीस जाणें व येणें रोज सायकलवर; डबा दांड्यास अडकविलेला, उजव्या पायजम्यास चिमटा. त्या काळचें पुणें सायकलींचें होतें हें जुन्या वाचकांस सांगावयास नको. संध्याकाळीं कारखाना सुटला कीं लकडी पुलाच्या तोंडाशीं मी व दादा नानांची वाट पाहत उभे राहत असूं. सायकलींचा लोंढा येई, आणि त्यांत आपले वडील कोणते हें चेहऱ्यावरून नव्हे, तर सायकलच्या आवाजावरून ओळखण्याची आमची पैज लागे. मला सायकल शिकविली ती नानांनींच. कोपऱ्यावरच्या दुकानांतून तासाच्या भाड्यानें आणून, मागचें कॅरियर धरून, धोतर सांवरीत ते धांवत असत. (पायजमा कारखान्याचा, धोतर घरचें, असा त्यांचा नियम होता.)

निवृत्त झाल्यावरही मंडई, टपालकचेरी, पर्वतीचा पायथा, सर्व कांहीं सायकलवरच. १९९८ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, एका रिक्षाचा धक्का लागून ते पडले. लागलें असें फारसें नव्हतें, कोपर खरचटलें. पण पुण्याचे रस्ते एव्हांना मोटारींचे व स्कूटरांचे झालेले. मीं आणि दादानें विचार केला, सायकलीस सांखळी घालून कुलूप लाविलें, आणि किल्ली मी माझ्या घरीं घेऊन आलें. “नाना, ह्या वयांत? पडलांत म्हणजे?” हें वाक्य मीं त्या वेळीं म्हटलें. नानांनीं दोन वेळां किल्ली मागितली. तिसऱ्यांदा मागितली नाहीं. पुढें ते गॅलरींतल्या खुर्चीवर बसून रस्ता पाहत. २००१ मध्यें गेले. त्यांचें दुखणें हृदयाचें होतें. सायकलीशीं त्याचा संबंध नव्हता, असें डॉक्टरांनीं मला स्पष्ट सांगितलें होतें. मीं विचारलें होतें म्हणूनच सांगितलें.

तेव्हां ह्यांना मीं एवढेंच उत्तर दिलें, “पडलें तर उठेन.” आणि दुसऱ्या दिवसापासून फ्लशिंग मेडोज नांवाच्या उद्यानांत, १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं उभारलेल्या पोलादी पृथ्वीगोलाभोंवतीं, सुनेच्या मैत्रिणीची सायकल घेऊन प्रदक्षिणा घालूं लागलें. पहिले चार दिवस पायांपेक्षां हातच अधिक दुखले. भीतीनें मूठ इतकी घट्ट धरलेली असे.

सफरीच्या दिवशीं पहाटे चार वाजतां उठून आम्हीं पोहे केले. पाठीवर पिशवी घेण्यास तेथें मनाई असल्यामुळें बेसनाचे लाडू कागदांत गुंडाळून सुनेच्या सदऱ्याच्या खिशांत कोंबले. शिरस्त्राणाची सक्ती होतीच. तें अंबाड्यावर बसेना, म्हणून पन्नास वर्षांनीं वेणी घातली. ह्यांनीं दारापर्यंत येऊन दोन्ही चाकें अंगठ्यानें दाबून पाहिलीं व एक अक्षर न बोलतां आंत गेले.

मॅनहॅटनच्या दक्षिण टोंकास उंच इमारतींच्या घळींत तास-दीड तास ताटकळत उभें राहावें लागतें. एवढा समुदाय एकदम सोडतां येत नाहीं. तुकड्या तुकड्यांनीं सोडतात. आमच्यापुढें एका जोडसायकलवर मागें एक अंध तरुण बसला होता. एकानें टोपलींत कुत्रा घेतला होता व त्यासही चष्मा लाविला होता. हा चष्म्याचा प्रकार मला अतिरेकी वाटला.

आणि मग आमची तुकडी सुटली, सिक्स्थ ॲव्हेन्यूस लागली, आणि जें झालें तें सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला. न्यूयॉर्कमध्यें दिवसरात्र एक घरघर चालूं असते. चार दिवसांत ती ऐकूं येईनाशी होते, पण असते. ती थांबली. तिच्या जागीं दुसराच आवाज येऊं लागला: हजारों सांखळ्यांचा, चाकांच्या करकरीचा, मधूनच एखाद्या घंटेचा, आणि माणसांच्या बोलण्याचा, कारण सायकलवरचीं माणसें शेजारच्याशीं बोलूं शकतात. हा आवाज मीं चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. तो लकडी पुलाचा होता. डावीकडे-उजवीकडे आकाशास भिडलेल्या इमारती, आणि मी मात्र परकऱ्या मुलीसारखी कान देऊन बसलेली! सूनबाईनें दोनदां विचारलें, “आई, ठीक आहांत ना?” मीं मान हलविली.

पुढील वर्णन भरभर उरकतें. सेंट्रल पार्कांतील झाडी नव्या पालवीची होती. हार्लेममध्यें रस्त्याच्या कडेस उभे राहून लोक गाऊन आमचें स्वागत करीत होते. मॅडिसन ॲव्हेन्यूच्या पुलावरून ब्राँक्समध्यें गेलों आणि थर्ड ॲव्हेन्यूच्या पुलावरून परत आलों. ब्राँक्सचें दर्शन म्हणजे देवळाच्या उंबऱ्यास हात लावून मागें फिरण्यासारखें आहे, आणि तेथील रहिवाशांस त्याचा राग येत असल्यास मी त्यांच्या बाजूची आहें. नंतर नदीकांठचा, एरव्हीं सायकलीस मज्जाव असलेला मोटारींचा हमरस्ता. मग १९०९ साली बांधलेला क्वीन्सबरो पूल. तो मी धापा टाकीत पण न उतरतां चढलें, आणि पलीकडे ॲस्टोरिया पार्कांत हिरवळीवर बसून लाडू खाल्ला. एक गोरी मुलगी वाकून पाहूं लागली, तिलाही दिला. “हें काय आहे?” म्हणाली. सून म्हणाली, “इंधन.”

पुलास्की पूल ओलांडून ब्रुकलिनमध्यें शिरलों तेव्हां पंचवीस मैल झाले असावेत. येथून उन्हांत, उंच खांबांवरच्या मोटारींच्या रस्त्यानें, एकसुरी प्रवास आहे. येथें मनांत कडवटपणा आला हेंही सांगून टाकतें. ह्या एका दिवसाच्या रस्त्यासाठीं प्रत्येकानें भलें मोठें शुल्क भरलेलें असतें. माझ्या वडिलांस हा रस्ता रोज मिळत असे, आणि त्याचें कांहीं मोल आहे असें त्यांना किंवा कोणालाच वाटलें नव्हतें. म्हणूनच तो गेला तेव्हां कोणी हूं कीं चूं केलें नाहीं.

शेवटचा पूल व्हेराझानो-नॅरोज. हा १९६४ सालीं खुला झाला तेव्हां जगांतील सर्वांत लांब झुलता पूल होता. मधला गाळाच ४,२६० फुटांचा. त्याचे दोन मनोरे इतके उंच व एकमेकांपासून इतके दूर आहेत कीं, पृथ्वीच्या गोलाईमुळें त्यांच्या माथ्यांमधील अंतर पायथ्यांमधील अंतरापेक्षां दीड इंचाहून अधिक भरतें. पृथ्वीचा एवढा हिशेब ठेवणाऱ्या एंजिनियरांनीं पायीं चालणाऱ्यासाठीं मात्र त्यावर एक पट्टीसुद्धां ठेविली नाहीं! वर्षांतून ह्या सफरीस आणि मॅरेथॉनच्या शर्यतीस काय ती मोकळीक.

त्याचा चढ लांबलचक आहे. निम्म्यावर माझे गुडघे संपावर गेले. मी उतरलें. सून म्हणाली, “पुष्कळ जण चालतात, आई,” आणि तीही उतरली. आम्ही सायकली हातीं धरून कडेनें चालूं लागलों. खालीं समुद्राची अरुंद पट्टी, तींत खेळण्याएवढें जहाज. इतक्यांत मागून एक वृद्ध गृहस्थ आले, पंचाहत्तरी खासच उलटलेले, अगदीं मंद गतीनें, पण बसूनच. त्यांच्या बाहेरच्या बाजूस, चाकाला चाक लावून, त्यांची मुलगी येत होती. तीही पन्नाशीची असेल. मागून भरधांव येणारीं तरुण मुलें तिला वळसा घालून जात. वडिलांच्या जवळून कोणी जाऊंच शकत नव्हतें. दोघें कांहींतरी बोलत होतीं, बहुधा भांडत होतीं. तशींच तीं आमच्या पुढें निघून गेलीं.

मी कठड्याशीं उभी राहिलें. बाहेरच्या बाजूनें चालावें, ही युक्ति मला १९९८ सालीं सुचली नव्हती. माझी सायकल त्या वेळीं घरांत होती, चालू होती, आणि मी छत्तीस वर्षांची होतें.

“दुखतंय का?” सूनबाईनें विचारलें. हो म्हटलें. थोड्या वेळानें चढ संपला तेव्हां पुन्हा बसलें, आणि उतारावरून खालीं स्टॅटन आयलंडपर्यंत पायडल न मारतां गेलें.

परतीस बोट आहे. स्टॅटन आयलंडच्या या नारिंगी बोटी १९९७ पासून माणसांस फुकट नेतात. पंचवीस मिनिटांचा प्रवास, डावीकडे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. पण बहुतेक स्वार सायकलीस टेकून उभ्या उभ्या पेंगत होते आणि देवतेकडे लक्ष देण्याचें त्राण फार थोड्यांत उरलें होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, म्हणजे पुण्याच्या संध्याकाळीं, मीं दादास फोन केला. सारी हकीकत सांगितली. तो खूप हंसला. मग विचारलें, “दादा, नानांच्या सायकलीचें पुढें काय केलेंस रे?”

“भंगारवाल्यास दिली. वाडा पाडला तेव्हां. सांखळी करवतीनें कापावी लागली.”

“किल्ली माझ्याकडे होती.”

“ठाऊक होतें,” तो म्हणाला.

फोन ठेवला तेव्हां हे तेलाची वाटी कोमट करून घेऊन आले होते. गुडघ्यांस लावण्यासाठीं.